दर्यातला बांध

आमच्या काकांची बांधाची केस १९८७ पासून चालू आहे. मालवण तालुक्यात आमचा एक मळा आहे, मळ्याच्या कडेला बांध आहे, आणि तो भावकीने दीड हात आमच्या बाजूला सरकवला असं काकांचं म्हणणं आहे. भावकीचं म्हणणं असं की बांध जागच्या जागी आहे, काका सरकलेत. तेव्हापासून दोन्हीकडचे वकील म्हातारे झाले, एकाच्या जागी त्याचा मुलगा उभा राहायला लागला, मोजणीवाले तीनदा येऊन घावणे-चहा घेऊन गेले. दीड हातासाठी माणूस एवढा जीव काढतो कशाला, असं मी डोंबिवलीत बसून पुष्कळदा म्हटलेलं आहे.

गेल्या मे महिन्यात ते शब्द मी मागे घेतले.

झालं असं, की लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून बायकोने मुंबई-गोवा क्रूझचं काढलं. मी एरवी नाही म्हटलं असतं, पण जाहिरातीत एका पलंगाचा फोटो होता. माझ्या मणक्यातल्या चौथ्या-पाचव्या चकतीचं गेली सहा वर्षं आपसात पटत नाही. त्यामुळे कुठल्याही लॉजवर गेलो की लोक खिडकी उघडून बाहेर बघतात, मी गादीवर मूठ दाबून बघतो. फोटोतला पलंग असा होता की त्यावर मूठ दाबायला संकोच वाटावा. पांढरी शुभ्र चादर, चार उश्या, मागे खिडकी, खिडकीत समुद्र. लोक तिकीट बोटीचं काढतात, मी त्या पलंगाचं काढलं.

मग काका जमा झाले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ते आमच्याकडे आले होते आणि त्यांना गावी सोडायचं होतं. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर सुरू झाली. मे महिन्यातली तिची सगळी तिकिटं त्याच दिवशी संपली असावीत असा माझा अंदाज आहे. वेटिंग दोनशेच्या पुढे. बायकोच म्हणाली, "अहो, काकांना बोटीनेच नेऊ. खोलीत सोफा आहे, त्याचा बेड होतो. गोव्याहून गाडीने गाव दोन-अडीच तास." लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला खोलीत ८४ वर्षांचे काका असणार याबद्दल तिला काही वाटलं नाही. २५ वर्षांनंतर वाटत नाही.

काकांना मात्र भरतं आलं. रेल्वे येण्याआधी, रस्ते धड होण्याआधी, कोकणी माणूस मुंबईला बोटीने यायचा-जायचा. 'चंपावती', 'रोहिदास', मग पुढे 'कोकणसेवक' आणि 'कोकणशक्ती'. भाऊच्या धक्क्यावरून सुटायची, बंदराबंदराला थांबत जायची. बऱ्याच ठिकाणी धक्का नसे, तिथे बोट लांब समुद्रात उभी राही आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या पडावातून किनाऱ्याला लागत. पावसाळ्यात सगळं बंद. या बोटींवर झोपायची सोय म्हणजे डेक. ज्याने आधी सतरंजी पसरली त्याची जागा. काकांच्या मते त्यांच्या अंगातली निम्मी हुशारी तिथे आली. "शिडी लागली रे लागली की वळकटी फेकूची," ते सांगतात, "मगे माणूस सावकाश गेलो तरी चालता."

तर निघायच्या दिवशी काका पलंगवाल्या बोटीवर वळकटी घेऊन निघाले. सतरंजी, वर गोधडी, आत काठी घातलेली, सुंभाने बांधलेली. मी म्हटलं, "काका, तिथे सगळं देतात." ते म्हणाले, "देवंदेत."

बॅलार्ड पियरला सामानाच्या तपासणीत यंत्रापुढे बसलेला माणूस त्या वळकटीची सावली पडद्यावर बघत बराच वेळ विचार करत होता. शेवटी सुंभ सोडायला लावलं. आत गोधडी निघाल्यावर तो जरा निराश झाला.

खोली छान होती, खोटं कशाला बोला. जाहिरातीतला पलंग जसाच्या तसा. त्यावर आम्ही वाढदिवसवाले म्हणून टॉवेलची घडी घालून केलेला एक राजहंस बसवला होता. काकांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"ह्या बदक कोणाचा?"

"आपल्यासाठीच आहे, काका."

"आंघोळ केल्यार अंग कशान पुसूचा?"

बायकोने पर्समधून आमच्या फ्रिजवरचा चुंबकाचा गणपती काढला आणि भिंतीला चिकटवला. बोटीच्या भिंती लोखंडी असतात, चुंबक बसतं, हे तिने व्हिडिओत बघितलं होतं. गणपती बसल्यावर मी पलंगावर मूठ दाबली. मूठ छान आत गेली आणि छान वर आली. मी समाधानाने मधोमध आडवा झालो, आणि कंबरेखाली काहीतरी लागलं.

उठून चादर चाचपली. पलंगाच्या मध्यावरून, डोक्यापासून पायापर्यंत, एक सरळ उंचवटा गेला होता. चार बोटं रुंद, कडक. मी चादर उचकटली. खाली दोन वेगळ्या गाद्या होत्या, त्यांच्याखाली दोन वेगळ्या खाटा, आणि दोन्ही गाद्यांच्या टणक कडा एकमेकींना भिडून मधे सरळसोट बांध तयार झाला होता.

तेवढ्यात खोलीचं बघणारा मुलगा आला. हर्णैचा निघाला, त्यामुळे पुढचं संभाषण मराठीत झालं आणि मला सगळं सत्य कळलं, जे इंग्रजीत कळलं नसतं. "साहेब, बहुतेक बोटींवर असंच असतं. दोन सिंगल असतात. हुक लावला की डबल, काढला की वेगळे. या फेरीला नवराबायको, पुढच्या फेरीला दोन मैत्रिणी. बोटीला दोन्ही चालायला पाहिजे ना." गादीची कड मुद्दाम टणक करतात, बसल्यावर माणूस घसरू नये म्हणून. वरून अंथरायला अंड्यांच्या ट्रेसारखी खाचाखाचांची फोमची पातळ गादी मागितल्यावर मिळते, पण ती ज्यांना माहीत असतं ते चढल्या चढल्या मागतात, आणि या फेरीच्या संपल्या होत्या. पलंग इतका उंच का, तर बॅगा खाली ढकलायच्या. गादी अशी ताठ का, तर ती साधी नसते. टायटॅनिक १९१२ साली बुडाली, त्यानंतर १९१४ साली जहाजांच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, सोलास म्हणतात त्याला. आज त्याचे नियम इथपर्यंत आलेत की गादी-उशीनेसुद्धा सहजासहजी पेट घेता कामा नये. मुलगा हे फार अभिमानाने सांगत होता.

काकांचे कान टवकारले. "म्हंजे हेच्यार बसान बिडी ओढली तर चालात?"

"गादी पेटणार नाही, आजोबा. पण दंड घेतील."

जाता जाता त्याने आणखी एक मोलाची गोष्ट सांगितली, जी तिकीट काढताना सांगायला हवी होती. आम्ही हौसेने वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या टोकाची खोली घेतली होती. "झोपायचं तर खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मधोमध घ्यावी साहेब. झोपाळ्याची कडी हलते का? पाट हलतो. तुम्ही पाटावर आहात." बोटीच्या पोटाखाली दोन्ही बाजूंना माशासारखे पर असतात, पण ते डावं-उजवं डोलणं आवरतात, नाक वर-खाली होतं त्याला त्यांचा इलाज नसतो. आणि आम्ही नाकावरच.

हरकत नाही. कोकणी माणूस ओटीवरच्या झोपाळ्यावर दुपारची झोप काढत वाढलेला असतो. जेवून आलो तेव्हा सोफ्याचा बेड केलेला होता, काका त्यावर बसून टीव्ही बघत होते. टीव्हीवर एका चॅनेलला फक्त नकाशा होता. किनाऱ्याची रेघ आणि तिच्या बाजूने मुंगीच्या पावलांनी सरकणारी आमची बोट. काकांना हा कार्यक्रम अतिशय आवडला होता.

"सूनबाय," ते एकदम म्हणाले, "तुमचे पाय खय असत?"

धक्क्याला लागलेली असताना बोटीचं तोंड उत्तरेला होतं आणि पलंगाचं पायथं बोटीच्या तोंडाकडे. म्हणजे पाय उत्तरेला, शास्त्राप्रमाणे. पण गोवा दक्षिणेला आहे. बोट वळली होती आणि तिच्याबरोबर पलंगही. आमचे पाय थेट यमाच्या दारात गेले होते. मी मोबाईलमधलं होकायंत्र काढलं. ते लोखंडाच्या खोलीत बसून उत्तर दर क्षणाला नवीन ठिकाणी दाखवत होतं. पण टीव्हीवर संशयाला जागा नव्हती.

"आपण असलं काही मानत नाही," मी म्हटलं.

"मी मानत नाही," बायको म्हणाली, "पण मुद्दाम कशाला?"

उश्या पायथ्याला आणल्या. आता पांघरुणाचा प्रश्न. बोटीवर चादर आणि पांघरूण गादीखाली अशा जोराने खोचतात की आत शिरायचं म्हणजे पातोळीत सारण भरण्यासारखं असतं, फरक एवढाच की सारणाला स्वतःहून आत जावं लागत नाही. आम्ही तर पातोळी उलट्या टोकाने उघडत होतो. दोन्ही बाजूंनी ओढून ती सोडवली, तोवर दोघांना घाम. मग लक्षात आलं की दिव्याची बटणं उशाच्या बाजूला, म्हणजे आता पायांशी. उठायची ताकद नव्हती. मी पायाच्या अंगठ्याने बटण शोधलं. पहिल्या दाबाला एसीजवळचा दिवा लागला, दुसऱ्याला वाचायचा, जो नेमका बायकोच्या डोळ्यांवर रोखलेला होता. कितव्यांदा तरी अंधार झाला. "झाला काय वीजमंडळाचा?" सोफ्यावरून आवाज आला.

अंधार झाला आणि हँगर सुरू झाले. बोटीचं नाक वर गेलं की कपाटातले सगळे हँगर एका बाजूला, टिंग. नाक खाली आलं की दुसऱ्या बाजूला, टिंग-टिंग. मी उठलो, मोजले. अकरा होते. प्रत्येकात काहीतरी कोंबलं. माझे मोजे, बायकोची ओढणी, एक केशरी जीवरक्षक जाकीट. मग काच थरथरायला लागली, आंघोळघरातला ब्रश ठेवायचा ग्लास. तो काढून बुटात ठेवला. मग काहीच आवाज राहिला नाही, फक्त खालून, अगदी दातांच्या मुळापर्यंत जाणारी इंजिनाची घरघर.

आणि बांध.

दुहेरी पलंगावर २५ वर्षं झोपलेल्या दोन माणसांच्या काही सवयी असतात. बायको मध्याकडे सरकत येते, मी कडेला जातो. आता मध्याला बांध होता. ती सरकत आली, बांधाला अडली आणि झोपेतच म्हणाली, "अहो, तुमचं कोपर काढा."

"कोपर नाही, पलंग आहे."

"मग तुम्ही तिकडे व्हा ना."

"मी माझ्याच बाजूला आहे. बांध इथे आहे."

"बांध तिथे नव्हता. तुम्ही सरकवलाय."

मी दिवा लावला (अंगठ्याने, दुसऱ्या प्रयत्नात). बांध खरंच सरकला होता. बोटीच्या हेलकाव्यांनी दोन्ही गाद्या मिळून तिच्या खाटेकडे चालल्या होत्या. माझ्या बाजूला आता गादीखालची फळी दिसत होती. मी गाद्या रेटून परत आणल्या, ती म्हणाली फार रेटल्या. मी म्हटलं बरोबर मधोमध आहेत. ती म्हणाली मोजा. काही दाखवायला हवं म्हणून मी टेबलावर उठवून ठेवलेला राजहंस आणला आणि बांधावर दोघांच्या उश्यांच्या मधे बसवला. अलीकडे मी, पलीकडे तू.

"झिला," अंधारातून काका गंभीरपणे म्हणाले, "दगड रोवू नको. दगड रोवलंस की मोजणी इली. मोजणी इली की वकील इलो."

आयुष्यात पहिल्यांदा मला काकांच्या आवाजात तो मळा दिसला. रोज सकाळी उठून बांधाकडे बघायचं, आणि तो काल होता तिथे आहे की नाही याची खात्री न वाटणं. दीड हात थोडा असतो असं कोण म्हणालं? मला त्या घडीला चार बोटं पुरली असती.

दोनच्या सुमाराला, बहुधा विजयदुर्गाच्या बाहेर कुठेतरी असताना, खाटांच्या खालचा हुक सुटला. आवाज झाला नाही. बांध आपोआप नाहीसा झाला आणि त्या जागी व्हाळ तयार झाला. बायको तिच्या तीरावर होती. मी झोपेत तिच्याकडे वळलो, सद्भावनेने, पंचविसावा वाढदिवस म्हणून, आणि कंबरेपासून खाली गेलो. पूर्ण गेलो नाही. तेवढी रुंदी नव्हती. चौथी आणि पाचवी चकती तेवढी बरोबर फटीत बसली, बाकीचा मी वर. राजहंस आधीच आत गेला होता.

मी ओरडलो की नाही आठवत नाही. बायको म्हणते ओरडलात, पण "आई गं" असं सभ्य. तिने मला हात धरून बाहेर ओढलं, दोन्ही उश्या फटीत कोंबल्या आणि स्वतः माझ्या बाजूच्या कोरड्या, सपाट, अखंड खाटेवर आडवी झाली. "आता तुम्ही काय ते बघा," म्हणाली आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागली.

म्हटलं, काकांच्या सोफ्याच्या कडेवर टेकू. चाचपडत गेलो. सोफा रिकामा होता.

सोफ्यावर काका नाहीत, वळकटी नाही. आंघोळघरात नाहीत. मी थंडगार पडलो. ८४ वर्षांचा माणूस, ऑपरेशन झालेला डोळा, समुद्राच्या मधोमध. बायकोला उठवावं असं मनात आलं. मग ती घोरताना बघून वाटलं, आधी स्वतःच शोधावं. (जाण्याआधी अर्धा मिनिट सोफ्यावर पडून पाहिलं, नाकारत नाही. बरोबर पाठीच्या मध्यावर आडवा लोखंडी दांडा होता. काका का गेले ते कळलं.)

बोटीच्या बोळातून रात्री तीन वाजता एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटत चालणारा माणूस कसा दिसतो, याची मला कल्पना होती. समोरून आलेल्या पहारेकऱ्याला तीच कल्पना आली. "सर, बार बंद झाला," तो हळूच म्हणाला. मी काकांचं वर्णन केलं. पांढरा सदरा, एका डोळ्याला हिरवा चष्मा, काखेत वळकटी. त्याने न बोलता वर बोट केलं.

वरच्या डेकवर वारा होता, पण मेमधला, कोमट, खारट. तलावावर जाळी पसरलेली. उन्हात पडायच्या प्लास्टिकच्या लांब खुर्च्या ओळीने मांडलेल्या, सगळ्या रिकाम्या, शंभर तरी असतील. धुराड्याच्या आडोशाला, जिथे वारा अडतो आणि थोडी ऊब लागते, त्या एका खुर्चीवर सतरंजी पसरून, गोधडी छातीपर्यंत घेऊन काका झोपले होते. अख्ख्या डेकवरची तीच एक जागा बरोबर होती, हे तिथे उभं राहिल्यावर मला कळलं. शेजारच्या खुर्चीवर एक चप्पल होती. एकच.

"काका!"

"इलंस?" डोळे न उघडता ते म्हणाले. "चप्पल काढ नि निज. तुजी जागा धरलंय."

"कधी?"

"जेवच्या आधी."

"अहो, पण शंभर खुर्च्या रिकाम्या आहेत!"

"आसतीत. बोटीर जागा धरूची लागता."

मी आडवा झालो. प्लास्टिकच्या पट्ट्या, खाली फोम नाही, स्प्रिंग नाही, आग लागण्याचा प्रश्नच नाही. चौथ्या चकतीने चौकशी केली, पाचवीने उत्तर दिलं नाही. बोटीचं नाक वर-खाली होत होतं, पण इथे, मधोमध, ते फक्त झोपाळ्याला कोणीतरी पायाने हलकी रेट द्यावी तसं लागत होतं. लहानपणी आजीच्या ओटीवर सावरीच्या कापसाची उशी असायची, जुनी झाली की तिच्यात गोळे व्हायचे आणि आपला आपला गोळा डोक्याखाली ठरलेला असायचा. कित्येक वर्षांनी मला तो गोळा आठवला. डावीकडे लांब एक दिवा लुकलुकून गेला.

"वेंगुर्ल्याच्या खडकावरचो," काका म्हणाले.

"डोळे मिटलेत तुमचे."

"नवो डोळो वायच उघडो असा. आणि पलीकडे सर, हद्दीत इलंस."

मी खुर्ची पलीकडे घेतली आणि झोपलो. लग्नानंतरची सगळ्यात गाढ झोप होती ती, आणि ती साधारण पाऊण तास टिकली. मग माझ्या तळव्यांवर थंड पाणी आलं. रबरी नळी घेतलेला एक पोरगा समोर उभा होता, मागे उजाडत होतं.

"सॉरी सर, डेक धुवायचाय."

काका उठून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर मला वाटलं होतं तसा राग नव्हता, उलट हरवलेलं काहीतरी सापडल्यासारखा आनंद होता. "बघ," ते मला म्हणाले, "१९६२ सालीय असाच. डोळो लागलो रे लागलो की मेले पाणी मारीत."

त्यांनी गोधडी झटकली, सतरंजी काखेत मारली, आणि दोन्ही खुर्च्या ओढत पलीकडच्या कोरड्या बाजूला नेल्या. आपली आधी लावली. मग माझी. मग मधे वाकून त्यांनी कोपरापासून बोटांपर्यंत एकदा मोजलं, आणि वर अर्धा हात. नळीवाला पोरगा पाणी थांबवून वाट बघत होता.